रानाला वारस हवाय

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गावच्या पेट्रोल पंपावर उभं राहून बघण्यासारखं असतं. विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन, आणि तिच्या पश्चिमेला जिथे टेकड्या आणि मक्याची शेतं सुरू होतात तिथलं हे गाव. एरवी इथे दुधाच्या टँकरखेरीज फारसं कुणी थांबत नाही. त्या संध्याकाळी मात्र गाड्यांची रांग लागते. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर झगझगीत नारिंगी टोपी, अंगात तसाच डोळ्यांत खुपणारा नारिंगी कोट, हातात कॉफीचा भलामोठा पेला. सॉसेजची पाकिटं आणि बर्फाच्या थैल्या भराभर खपतात. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडायचा असतो. गणपतीच्या आदल्या रात्री मुंबई-गोवा रस्त्यावर जी लगबग असते, तिच्याशी माझी मनातल्या मनात नेहमी तुलना होते. सगळे कुठून कुठून आपापल्या घरी, आपापल्या रानात निघालेले असतात.

मी या गावात १९९८ पासून राहतो. सुरुवातीची काही वर्षं मला ही गर्दी म्हणजे नुसती गंमत वाटायची. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली. माणसं तीच होती. त्यांच्या टोप्या तेवढ्या नव्या होत्या आणि टोप्यांखालचे केस पांढरे होत चालले होते. रांगेतली पोरं कमी कमी होत गेली.

या राज्यात १९९० साली बंदुकीने हरीण मारण्याचे जवळजवळ सात लाख परवाने विकले गेले होते. त्यानंतर राज्याची लोकसंख्या दहा लाखांनी वाढली आणि परवाने घसरत साडेपाच लाखांच्या आसपास आले. सबंध देशाची कथाही फारशी वेगळी नाही. सरकारी पाहणीप्रमाणे १९८२ मध्ये अमेरिकेत दीड कोटीहून जास्त शिकारी होते, २०१६ मध्ये ते १ कोटी १५ लाख उरले. २०२० साली, कोविडच्या दिवसांत, घरात कोंडलेली माणसं रानात धावली आणि परवाने एकदम वाढले. वन्यजीव खात्याच्या लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, पण ती भरती फार टिकली नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे प्रश्न पडेल, की शिकारी कमी झाले तर रडायचं कशाला? चांगलंच झालं की! मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटत होतं. शेजारच्या पाटलांनी माझं डोकं ताळ्यावर आणलं.

पाटील म्हणजे आमचे शेजारी. आडनाव अर्थातच पाटील नाही. ते नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या चौथ्या पिढीतले. पण गावातल्या प्रत्येक कुंपणाचा तंटा त्यांच्या ओट्यावर मिटतो, म्हणून आमच्या घरात त्यांना पाटील असं नाव पडलं, आणि हे त्यांना माहीत आहे. वय अठ्ठ्याहत्तर. साठ गाईंचा गोठा होता, तो विकून बारा वर्षं झाली. एक मुलगा ॲरिझोनात, दुसरा मिनियापोलिसला. दोघांनाही शिकारीत रस नाही. शेत खंडाने दिलेलं आहे. मागे टेकडीवर चाळीस एकर ओक आणि हिकरीचं रान आहे, ते मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवलंय.

पाटलांनी मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. एकोणिसाव्या शतकात इथल्या लोकांनी बाजारासाठी बेसुमार शिकार केली. १८७१ साली विस्कॉन्सिनमध्ये प्रवासी कबुतरांची जी वीण झाली, ती नोंदलेल्या विणींमधली सगळ्यात मोठी मानली जाते. पिंपेच्या पिंपे भरून ती कबुतरं शहरात गेली. त्या जातीतलं शेवटचं कबुतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. पांढऱ्या शेपटीची हरणंही तेव्हा देशभरात मिळून पाच लाखांच्या आत आली होती. मग जे शिकारी उरले होते, त्यांनीच आरडाओरड सुरू केली. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका, काडतुसं यांच्यावर अकरा टक्के कर, पिस्तुलांवर दहा टक्के. हा पैसा सरकारी तिजोरीत न मुरता थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. अट एकच : शिकार परवान्यांचे पैसे राज्याने दुसरीकडे वळवायचे नाहीत. आज देशात तीन कोटींच्या आसपास हरणं आहेत. रानटर्की परत आल्या, पाणथळ जागा राखल्या गेल्या. आमच्या अंगणातून जो क्रौंच पक्षी ओरडत जातो, त्याच्या दलदलीचा खर्चही बराचसा याच पैशातून निघालेला असतो.

आता यातली मेख बघा. या करातला कुठल्या राज्याला किती वाटा, हे ठरवताना निम्मा भार राज्याच्या क्षेत्रफळाला आणि निम्मा परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येला दिलेला आहे. म्हणजे शिकारी घटले की परवान्याचं उत्पन्न बुडतं आणि वर दिल्लीतला, म्हणजे वॉशिंग्टनचा, वाटाही आखडतो. पक्षी बघणारे, नुसते रानात फिरणारे, दुर्बिणी आणि बूट विकत घेणारे लोक लाखांनी वाढलेत, पण त्यांच्या दुर्बिणीवर असा कर नाही. तसा तो बसवावा असे प्रयत्न झाले आणि बारगळले.

हे ऐकल्यावर मी पाटलांना म्हटलं, की हिशेब चोख आहे, पण मला तो पूर्ण पटत नाही. कारण आज या कराचा मोठा भाग शिकारी भरतच नाहीत. चांदमारी करणारे आणि भीतीपोटी घरात पिस्तूल ठेवणारे तो भरतात. शाळेत गोळीबार झाला की बंदुकांवर बंदी येईल या धास्तीने दुकानं रिकामी होतात, आणि पुढच्या वर्षी दलदलीतल्या क्रौंचांना जास्त पैसा मिळतो! पाटील यावर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणून तर शिकारी टिकला पाहिजे. तो नसला तर उरेल ती नुसती बंदूक.”

सरकारलाही हे कळलेलं आहे. २०१९च्या अखेरीला कायद्यात दुरुस्ती झाली आणि नवे शिकारी मिळवण्यासाठी, त्यांच्यासाठी जाहिरात करण्यासाठी हा पैसा वापरायला मोकळीक मिळाली. खात्याचे लोक याला ‘आर थ्री’ म्हणतात : नवे आणा, आहेत ते टिकवा, सुटलेले परत बोलवा. विस्कॉन्सिनमध्ये २००९ पासून अनुभवी शिकाऱ्याच्या हाताशी राहून, शिक्षण पूर्ण होण्याआधीही शिकार करून बघता येते. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला भरघोस सवलत. शहरी लोकांसाठी ‘अन्नासाठी शिकार’ असे वर्ग. २०१६ साली तर नारिंगीच्या जोडीला झगझगीत गुलाबी रंगाचा कोटही कायदेशीर झाला, म्हणजे बायका येतील! बायका येतात आहेत, त्यांचा टक्का हळूहळू वाढतो आहे, पण त्या कोटाच्या रंगासाठी आल्या असतील असं मला वाटत नाही. माझी लेक तर त्या गुलाबी कोटाला बघून पोट धरून हसली.

लेकीवरूनच हे सगळं आमच्या घरात शिरलं. सतरा वर्षांची. शाळेत त्यांनी आल्डो लिओपोल्ड वाचला. हा माणूस इथलाच म्हणायचा. १९३३ साली मॅडिसनच्या विद्यापीठात तो वन्यप्राणी व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला, विस्कॉन्सिन नदीकाठचं एक उजाड शेत घेऊन त्यावर त्याने हजारो झाडं लावली, आणि १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातली आग विझवताना गेला. पर्यावरणवाले त्याला ऋषीच्या जागी मानतात. तो आयुष्यभर शिकारी होता हे मात्र बरेच जण सोयीने विसरतात. लेक विसरली नाही. एका रात्री जेवताना, कोंबडीच्या रश्श्यात भाकरी बुडवत ती म्हणाली, “बाबा, ही कोंबडी कुठे वाढली, कशी मेली, आपल्याला काहीच माहीत नाही. मला एकदा तरी स्वतः मारून खायचंय. नाही जमलं तर सोडून देईन खाणं.”

माझी बायको पुण्याची. तिच्या माहेरी अंडंसुद्धा गॅलरीत उकडायचे. ती ताट घेऊन उठली आणि जाता जाता म्हणाली, “तुमच्याच घराण्याचं रक्त!”

आरोप खोटा नव्हता. आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात, आंबोली घाटाच्या पायथ्याला. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. दारू भरायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, गजाने ठासायचं, कानावर केप बसवायची. एक बार भरायला एवढा वेळ लागायचा, की तो वाया घालवणं म्हणजे अर्धा दिवस वाया. भात कापून झालं की गावात रान काढायचे. देवासमोर गाऱ्हाणं, मग हाकारे एका अंगाने डबे वाजवत निघायचे, बंदूकवाले वाटा धरून बसायचे. डुक्कर पडलं की वाटे व्हायचे : देवाचा वाटा, बार टाकणाऱ्याचा वाटा, हाकाऱ्यांचे वाटे, कुत्र्यांचासुद्धा. घरात आजारपण असल्यामुळे जो येऊ शकला नाही, त्याच्याही दारात पानात बांधलेला वाटा जायचा.

१९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हा आलेला होता, पण आमच्या गावापर्यंत पोचायला त्याला वेळ लागला हे कबूल करायला हवं. मी नऊ वर्षांचा असताना आजोबांनी एकदाच मला बरोबर नेलं, केपांची डबी सांभाळायला. पलीकडच्या वाडीतला एक माणूस झुडूप हललं म्हणून झालेल्या बारात गेला होता, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. आजोबा मला दगडाआड बसवून कानात म्हणाले, “आवाजार बार घालू नको. डोळ्यांनी बघ, मगे बोट हलय.” त्या दिवशी काहीच आलं नाही. १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. बंदूक शेतसंरक्षणाच्या परवान्यावर काकाकडे आली. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निवडणूक झाली की परत आणायची. मागच्या खेपेला काकाने ती परत आणलीच नाही. म्हणाला, खेपा कोण घालणार? डुकरं आता अंगणातल्या सुरणापर्यंत येतात.

आपल्याकडचा कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तो नसता तर काय उरलं असतं, हे त्या कबुतरांना विचारावं. पण गंमत अशी, की विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचं शिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणजे साधारण एकाच सुमाराला रेघ ओढली गेली, तिकडे शिकार बंद करायला आणि इकडे ती शिकवायला. माझा जन्म १९७० चा. मला बंदुकीची पुढची बाजू कुठली हेही विचारणारं कुणी नाही. लेकीला मात्र परीक्षा द्यावी लागणार होती.

वर्ग गावच्या शिकारी मंडळाच्या शेडमध्ये भरायचा. शिकवणारे सगळे विनामोबदला, निवृत्त सुतार, पोस्टमन, एक नर्स. असे वर्ग १९६७ पासून चालू आहेत आणि तेव्हापासून शिकारीतले अपघात इतके उतरलेत, की सगळ्या उपक्रमांत मला याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. लाकडी बंदूक हातात घेऊन तारेचं कुंपण कसं ओलांडायचं, ती दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची, हे दहा-दहा वर्षांची पोरं गंभीर चेहऱ्याने करत होती. चार नियम पाठ. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. नळी सुरक्षित दिशेला. चापाबाहेर बोट. आणि सावज काय आहे, त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री होईपर्यंत थांबा. हा शेवटचा नियम सुताराने सांगितला तेव्हा मागच्या बाकावर माझ्या अंगावर काटा आला. तो इंग्रजीत बोलत होता आणि मला ऐकू मालवणी येत होतं.

पहिल्याच दिवशी सुताराने विचारलं, “तुमच्या घरी शिकार कोण कोण करतं?” सगळे हात वर. बाबा, आजी, मामा. माझ्या लेकीचा हात खाली होता. मग तिने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. “माझे पणजोबा.”

या एका प्रश्नात सगळी अडचण आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. ज्याच्या घरी शिकारी आहे त्यालाच शिकार मिळते. वर्ग तुम्हाला बंदूक धरायला शिकवेल, पण हरीण कुठल्या वाटेने उतरतं, वारा कुठून आला की कुठे बसायचं, मारल्यावर त्याचं काय करायचं, हे कुणीतरी बरोबर नेल्याशिवाय कळत नाही. आणि न्यायचं कुठे? उत्तरेकडे सरकारी रानं आहेत, पण राज्याच्या दक्षिण भागात बहुतेक जमीन खासगी. पूर्वी ओळखीवर, एखाद्या केकच्या बदल्यात शेतकरी रानात जाऊ द्यायचा. आता शेतं विकली जातात, तुकडे पडतात, शहरातला डॉक्टर वर्षाच्या भाड्याने रान घेतो आणि पाट्या ठोकतो. २००३ साली इथल्या जनतेने मतदान करून शिकारीचा हक्क राज्यघटनेत लिहून घेतला. हक्क आहे, पण बसायला झाड नाही.

शिवाय ज्याच्या घरी शिकारी नाही तो बहुधा दिसायलाही वेगळा असतो. हे लिहिताना जपून लिहावं लागतं. विस्कॉन्सिनमध्ये मोंग लोकांची मोठी वस्ती आहे. लाओसच्या डोंगरातली ही माणसं, युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढली आणि १९७५ नंतर निर्वासित होऊन इथे आली. पिढीजात शिकारी. खात्याला हवे असलेले ‘नवे शिकारी’ ते हेच, असं कुणालाही वाटेल. नोव्हेंबर २००४ मध्ये राज्याच्या वायव्येला, सॉयर काउंटीत, एक मोंग शिकारी दुसऱ्याच्या खासगी रानातल्या मचाणावर बसलेला सापडला. वादावादी झाली, त्याने गोळ्या झाडल्या आणि सहा माणसं मेली, दोन जखमी झाली. आपल्याला वंशावरून शिव्या दिल्या आणि आधी गोळी आपल्यावर झाडली गेली, असं तो म्हणाला, वाचलेल्यांनी ते नाकारलं. त्याला जन्मठेप झाली. पुढे जानेवारी २००७ मध्ये दुसऱ्या एका रानात एका गोऱ्या शिकाऱ्याने एका मोंग शिकाऱ्याला ठार मारलं, त्यालाही शिक्षा झाली. पहिल्या गुन्ह्याला माफी नाहीच. पण त्यानंतर कितीतरी मोंग बापांनी पोरांना रानात न्यायचं सोडलं, हे मला माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मोंग सहकाऱ्यानेच सांगितलं. तो स्वतः आता फक्त खारी मारतो, आणि तेही गाडी लावल्यापासून हाकेच्या अंतरावर.

म्हणून लेकीला हो म्हणताना मला हरणाची काळजी नव्हती. नारिंगी कोटातल्या सावळ्या पोरीकडे धुक्यातून कुणी कसं बघेल, याची होती. ऑक्टोबरात मी तिला जवळच्या सरकारी रानात नुसतं फिरायला नेलं होतं. एक पिकअप थांबली, काच खाली झाली आणि आतल्या माणसाने विचारलं, “वाट चुकलात का?” कदाचित त्याला खरंच मदत करायची असेल. मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही.

त्या संध्याकाळी पाटील कुंपणापाशी आले. कुणी सांगितलं कोण जाणे. म्हणाले, “पोरगी माझ्या रानात बसेल. माझ्या शेजारी.”

त्यांच्याही मनात काही होतं. दोन वर्षांपूर्वी ते मचाणावर चढायचे थांबले. मचाणावरून पडणं हा आता इथला नेहमीचा अपघात आहे. पूर्वी त्यांच्या रानात हंगामाला आठ माणसं असायची, स्वयंपाकघरात पहाटेपर्यंत पत्ते चालायचे. आता ते एकटेच. शिवाय २००२ साली आमच्याच भागात हरणांमध्ये एक भयंकर रोग सापडला. मेंदूला भोकं पाडतो, हरीण झुरून मरतं, आणि इलाज नाही. माणसाला तो झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नका असा सरकारी सल्ला आहे. त्या वर्षी पुष्कळ जणांनी बंदुका कपाटात ठेवल्या त्या ठेवल्याच. रोग मात्र पसरत गेला. शिकारीची अब्रूही शिकाऱ्यांनीच घालवली काही वेळा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लांडग्यांची शिकार उघडली. ठरवून दिलेली मर्यादा ११९ आणि तीन दिवसांच्या आत मारले गेले २१८, बरेचसे कुत्रे मागे लावून. पाटील त्या आठवड्यात गावच्या हॉटेलात गेले नाहीत. “लोकांनी आम्हाला का सोसावं?” एवढंच म्हणाले.

हंगामाच्या शनिवारी पहाटे पाचला आम्ही तिघे टेकडी चढलो. उणे आठ. माझ्याकडे परवाना नव्हता, मी नुसता नारिंगी कोट घालून मागे. पाटलांनी पडलेल्या ओकच्या आडोशाला दोन बसायच्या पाट्या ठेवल्या होत्या. बंदूक त्यांच्या वडिलांची, थर्टी-थर्टी, लाकूड हाताने गुळगुळीत झालेलं. सूर्य उगवेपर्यंत कुणी बोललं नाही. दूरवर, दरीपलीकडे, पहिला बार झाला, मग दुसरा. माझे पाय बधिर झाले आणि मला कामाच्या फायली आठवायला लागल्या.

साडेआठच्या सुमाराला मागच्या हिकरीत पानं वाजली. लेकीने मान वळवली, बंदूक नाही. पाटलांनी माझ्याकडे पाहून भुवई उचलली, म्हणजे ठीक. एक मादी पुढे आली, तिच्यामागे दुसरी. इथे माद्याच जास्त मारल्या जाव्यात अशी खात्याची इच्छा असते, कळप त्यानेच आवरतो. शिंगांच्या मोहापायी लोक ते करत नाहीत. आणि आवरणं गरजेचं आहे. राज्यात वर्षाला हजारो गाड्या हरणांवर आदळतात, आणि रानात ओकचं नवं रोप हरणांच्या तोंडातून वाचत नाही. पहिली मादी थांबली. साधारण सत्तर पावलं. बंदूक उचलली गेली आणि काहीच झालं नाही. मी श्वास धरून बसलो. बंदूक खाली आली. माद्या निघून गेल्या.

“काय झालं?” मी नंतर विचारलं.

“तिच्या मागे दुसरी होती. पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं.”

पाटलांनी हातमोजा काढला आणि तिच्या टोपीवर एक टपली मारली. मला वाटतं, त्यांना हवं होतं ते त्या क्षणी मिळालं.

बार झाला तो दुपारी तीननंतर. एकटी मादी, आडवी उभी. वीस-पंचवीस पावलं पळाली आणि कोसळली. लेक तिच्यापाशी जाऊन गुडघ्यावर बसली आणि रडली. पाटील लांब उभे राहिले, टोपी हातात घेऊन. मग त्यांनी सुरी काढली आणि तिच्या हातात दिली. पोट कुठून उघडायचं, मूत्राशय न फुटता कसं सोडवायचं, हे तिच्या हाताला हात न लावता, फक्त बोटाने दाखवत त्यांनी सांगितलं. थंडीत आतड्यांतून वाफ येत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल. काळीज तिने वेगळं काढून ठेवलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पूर्वी मेलेलं हरीण नोंदवायला गाडीवर टाकून गावच्या बारमध्ये किंवा पंपावर न्यायला लागायचं. तिथे सगळं गाव जमायचं, पोरं शिंगं मोजायची. २०१५ पासून नोंद फोनवर. पाटलांनी चष्मा लावून आकडे दाबले. तिकडून यंत्राने एक नंबर सांगितला, आणि संपलं. ते फोनकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “चला, तरी पण पंपावर जाऊ.” आम्ही गेलो. टपावर हरीण टाकून. तिथल्या दोन म्हाताऱ्यांनी गाडीभोवती फेरी मारली, एकाने माझ्या लेकीशी हात मिळवला, तिचं नाव विचारलं, ते दोनदा चुकीचं म्हटलं आणि तिला कॉफी पाजली. दुसरा काही बोलला नाही.

तिथून डोकं तपासणीच्या पेटीत. खात्याने रस्त्याकडेला अशा पेट्या ठेवल्यात. हरणाचं डोकं पिशवीत घालायचं, चिठ्ठी बांधायची, झाकण उघडून आत टाकायचं. अहवाल येईपर्यंत मांस पाटलांच्या फ्रीजरमध्ये राहिलं, कारण बायकोने आमच्या फ्रीजमध्ये ठेवू दिलं नाही. प्रत्येक पुडक्यावर लेकीच्या अक्षरात नंबर.

पाटलांची मुलं नाताळला येणार होती. रान विकायचं का, भाड्याने द्यायचं का, यावर बोलणं व्हायचं होतं. लेक पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, कुठल्या राज्यात कोण जाणे. हे दोन्ही त्यांना आणि आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी एकदाच विचारलं, “पुढच्या नोव्हेंबरात?” ती म्हणाली, “सुट्टी तेव्हाच असते.” त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची शेवटची पानं उलटून बघितली, पण नवं वर्ष अजून टांगलेलं नव्हतं.

अकराव्या दिवशी अहवाल आला. रोग नाही. पाटील स्वतः पुडकी घेऊन दारात आले, स्वतःसाठी एक ठेवून. त्याआधी पंपावरच्या त्या दोघांच्या घरी एकेक देऊन आले होते, न बोलणाऱ्याच्याही. म्हणाले, “आमच्याकडे हे कांद्याबरोबर नुसतं परततात. तुझे आजोबा कसं करायचे?”

मला आठवेना. वास आठवत होता, कृती नाही. रात्री साडेनऊला, तिकडे सकाळ झाल्यावर, मी गावी काकूला फोन लावला. म्हटलं, वाटपात काय काय घालायची आजी, सांग. तिने विचारलं, कसलं मटण? मी सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग तिने आवाज एकदम खाली आणला.

“हरणाचा? आणि तुमका थंय पोलीस धरणत नाय?”